आर्मेनियन, स्लोव्हेन आणि ‘दोन’ : एका प्रबंधाची हकीकत

एम.ए. भाषाशास्त्राचा माझा प्रबंध एप्रिल २०२५ मध्ये जमा झाला आणि मे महिन्यात तोंडी परीक्षा झाली. विषय होता आर्मेनियन आणि स्लोव्हेन या दोन भाषांमधल्या वचन-लिंगव्यवस्थेची तुलना. विषय घेतला तेव्हा आमच्या विभागात यांपैकी एकही भाषा येणारं कुणी नव्हतं. आता खालच्या वर्गातली मुलं विचारू लागली आहेत की ताई, हे इथे पुण्यात बसून जमतं का, परवानग्या कशा मिळतात, पैसे किती लागतात. म्हणून सगळं क्रमाने लिहून ठेवते.

मी संध्याकाळी नववी-दहावीच्या मुलांच्या संस्कृतच्या शिकवण्या घेते. देवः देवौ देवाः म्हणून घेताना दर वर्षी कुणीतरी विचारतंच, “दोघांसाठी वेगळं रूप कशाला?” पुस्तकातलं उत्तर मी देत असे. पण ज्यांच्या तोंडी हे रूप रोज असतं त्यांच्याकडून ते ऐकावं, असं मनात फार दिवस होतं. स्लोव्हेन बोलणारी माणसं वीस-पंचवीस लाख. त्यांच्या भाषेत द्विवचन अजून नांदतं आहे, शाळेत, बाजारात, घरातल्या भांडणातसुद्धा. तीन लिंगं आहेत, सहा विभक्ती आहेत. आर्मेनियन दुसऱ्या टोकाला. तिच्यात द्विवचन नाही आणि व्याकरणिक लिंगही नाही. ‘तो’, ‘ती’ आणि ‘ते’ या तिन्हींसाठी एकच शब्द, ‘ना’. पाचव्या शतकात आर्मेनियन लिहिली जाऊ लागली तेव्हाच या दोन्ही गोष्टी तिच्यातून गेलेल्या होत्या. आपली मराठी या दोघींच्या मधली. लिंगं तिन्ही राखली, द्विवचन सोडलं. तिघींचं कूळ एकच, इंडो-युरोपीय. मग एकीने सगळं राखलं, एकीने अर्धं, एकीने काहीच नाही, हे कसं?

जानेवारी २०२४ मध्ये मी हे मार्गदर्शक मॅडमना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, “दोन भाषांची तुलना हा विषय नसतो. प्रश्न काय तो एका वाक्यात आण.” पुढचे सहा-सात आठवडे त्या एका वाक्यात गेले. ध्वनी सोडले, क्रियापदं जवळजवळ सोडली, शेवटी उरलं ते एवढंच : दोन वस्तू किंवा दोन माणसं दाखवायची असली की या भाषा काय करतात? विषय-मान्यतेच्या समितीला दोन पानी टिपण द्यावं लागतं. त्यात मी सामग्री कुठून मिळेल, किती भाषिकांशी बोलणार आणि भाषा येत नसताना उदाहरणं तपासून कोण देणार, हे आधीच लिहिलं होतं. समितीने नेमका शेवटचा प्रश्न विचारला. येरेवान (आर्मेनियाची राजधानी) आणि ल्युब्ल्याना (स्लोव्हेनियाची राजधानी) इथल्या दोन अभ्यासकांना मी ईमेल पाठवले होते, त्यांचे होकार सोबत जोडलेले होते. मार्चअखेर मान्यता मिळाली. अनोळखी अभ्यासकांना लिहायला घाबरू नका. तीन ओळींत आपण कोण, प्रश्न काय आणि नेमकी मदत कोणती, एवढं लिहिलं की बहुतेक जण उत्तर देतात. लहान भाषांचे लोक तर विशेष अगत्याने देतात.

उन्हाळ्यात लिपी आणि व्याकरण. आर्मेनियन वर्णमाला मेस्रोप माश्तोत्स यांनी इसवी सन ४०५च्या सुमारास घडवली. तेव्हा ३६ अक्षरं होती, आज ३९ आहेत. पाहताना ती भिववते, पण रोज चार-पाच अक्षरं गिरवली तर आठ-दहा दिवसांत वाचता येऊ लागतं. देवनागरीसारखीच ती बरीचशी उच्चाराप्रमाणे चालते. आणि इथे मराठी कान फार कामाला येतो. आर्मेनियनमध्ये ब, प, फ असे तीन वेगळे ध्वनी आहेत, तसेच द, त, थ आणि ग, क, ख. इंग्रजी बोलणारे विद्यार्थी प आणि फ यांत महिनोन्‌महिने अडखळतात, आपल्याला ते आईच्या दुधासोबत मिळालेलं असतं. भ, घ, ध मात्र तिथे नाहीत. ‘चारा’मधला च आणि ‘चार’मधला च हे आपल्याकडे एकाच अक्षराने लिहायचे दोन ध्वनी. आर्मेनियन त्यांना वेगळी अक्षरं देते आणि स्लोव्हेनही. स्लोव्हेन लिपी रोमन, २५ अक्षरांची, तीन अक्षरांच्या डोक्यावर उलट्या टोपीसारखी खूण. ती दिवसभरात शिकून होते. तिचं व्याकरण मात्र दम काढतं, आणि तिथे संस्कृतची विभक्ती-प्रत्ययांची सवय मदतीला येते.

सामग्री जवळजवळ सगळी घरबसल्या आणि फुकट मिळाली. स्लोव्हेनसाठी ‘फ्रान’ या संकेतस्थळावर मोठमोठे कोश एकत्र शोधता येतात, व्युत्पत्तिकोशासह. ‘गिगाफिदा’ हा एक अब्जाहून जास्त शब्दांचा संग्रह आहे, त्यात कुठलंही द्विवचनी रूप टाकलं की खरी वाक्यं समोर येतात. पूर्व आर्मेनियनचा, म्हणजे आर्मेनियात बोलल्या जाणाऱ्या रूपाचा, असाच राष्ट्रीय संग्रह आहे, सुमारे अकरा कोटी शब्दांचा. शब्दांच्या मुळांसाठी ह्राच्या आचार्यान यांचा मूळशब्दकोश आहे, त्याच्या स्कॅन केलेल्या प्रती ‘नायिरी’ या संकेतस्थळावर वाचता येतात. आधी हे सगळं उघडून पाहा आणि मगच प्रवासाचा विचार करा. माझं दोन-तृतीयांश काम प्रवासाआधीच उभं राहिलं होतं.

याच वाचनात एक धागा सापडला आणि त्याने सगळ्या प्रबंधाचा कणा ठरवला. आर्मेनियन ही इराणी भाषांची एक बोली नसून इंडो-युरोपीय कुळाची स्वतंत्र शाखा आहे, हे १८७५ मध्ये हाइनरिश ह्युब्शमान यांनी दाखवून दिलं. त्यांच्यानंतर फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ आंत्वान मेये यांनी आर्मेनियनचं तौलनिक व्याकरण १९०३ मध्ये लिहिलं. आर्मेनियनमध्ये दोनला ‘येर्कू’ म्हणतात. संस्कृत ‘द्वौ’, स्लोव्हेन ‘द्वा’, मराठी ‘दोन’ यांच्याशी त्याचं काही नातं असेल असं ऐकून कुणाला वाटणार नाही. पण मेये यांनी दाखवलं की मूळ भाषेतला ‘द्व’ आर्मेनियनमध्ये ‘एर्क’ (आजच्या उच्चारात ‘येर्क’) होतो आणि हे नियमाने होतं. शेवटचा ‘ऊ’ म्हणजे तर ‘द्वौ’मधल्या ‘औ’चाच भाऊ. द्विवचन गमावलेल्या भाषेत द्विवचनाचा प्रत्यय ‘दोन’ या शब्दाला चिकटून राहिला आहे! आता दुसरी बाजू. मेये यांचेच विद्यार्थी ल्युसियाँ तेनियेर १९२०च्या दशकात ल्युब्ल्यानाच्या नव्या विद्यापीठात फ्रेंच शिकवायला गेले. तिथे त्यांनी गावोगावचं द्विवचन गोळा केलं आणि १९२५ मध्ये त्यावर प्रबंध आणि नकाशासंग्रह प्रसिद्ध केला. गुरूने आर्मेनियन ‘दोन’चं कोडं उलगडलं, शिष्याने स्लोव्हेन ‘दोन’चे नकाशे काढले. या दोन भाषा एकत्र का घेतल्या, या प्रश्नाला माझ्याकडे आता उत्तर होतं.

जूनमध्ये नैतिकता समितीचा अर्ज भरला. माणसांशी बोलून त्यांचं बोलणं ध्वनिमुद्रित करायचं तर ही परवानगी लागतेच, आणि संमतिपत्र त्या माणसाला वाचता येईल अशा भाषेत हवं असतं. दोन्ही भाषांत संमतिपत्र भाषांतरित करून घ्यायला साडेचार हजार रुपयांच्या आसपास लागले. समितीची बैठक महिन्यातून एकदाच होते, त्यामुळे परवानगी हातात यायला जुलै उजाडला. हा कालावधी आपल्या वेळापत्रकात आधीच धरून ठेवावा.

मग व्हिसा. आर्मेनियाचा सोपा, ऑनलाइन अर्ज, २१ दिवसांच्या मुक्कामासाठी ३००० द्राम, म्हणजे साधारण साडेसहाशे रुपये. तीन-चार दिवसांत ईमेलवर आला. स्लोव्हेनिया शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, असल्याने तिथला अर्ज मोठा. शुल्क ९० युरो, वर अर्ज केंद्राचा सेवा आकार. निदान ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा, बँकेची विवरणपत्रं, आयकर विवरण, राहण्याची आरक्षणं, विभागाचं पत्र, तिथल्या प्राध्यापकांचं पत्र. शिकवण्यांचं उत्पन्न असल्यामुळे पगारपत्रक माझ्याकडे नव्हतं. आयकर विवरण नियमित भरलेलं होतं, त्याचा इथे मोठा आधार झाला. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. मी ऑगस्टमध्ये मुंबईला जाऊन बोटांचे ठसे दिले आणि साधारण तीन आठवड्यांनी पासपोर्ट परत आला. या तीन आठवड्यांत झोप नीट लागली नाही, कारण विमानाची तिकिटं काढलेली होती. आधी आर्मेनिया, मग युरोप आणि तिथून थेट घर असा क्रम ठेवला की शेंगेनचा एकवार प्रवेशाचा व्हिसा पुरतो. उलट क्रम केला आणि परतीला पुन्हा युरोपातून यावं लागलं तर पुरत नाही.

ऑक्टोबरच्या मध्यावर शारजामार्गे येरेवानला पोचले. शहरात आपल्याकडची वैद्यकीय शिकणारी मुलं पुष्कळ आहेत. त्यांच्यातल्या एका सोलापूरच्या मुलीने मला पहिले दोन दिवस सांभाळलं. वॉर्डात रुग्णांशी आर्मेनियनमधूनच बोलावं लागतं, त्यामुळे तिचं बोलणं माझ्यापेक्षा किती तरी सहज होतं. ती म्हणाली, “ताई, इथे पुल्लिंग-स्त्रीलिंग नाही हे ऐकून पहिल्या दिवशी सुटले असं वाटलं मला.”

माझी पद्धत साधी होती. चित्रांची पानं नेली होती : एक पुस्तक, दोन पुस्तकं, पाच पुस्तकं, दोन बायका चालताना, एक बाई आणि एक पुरुष, दोन हात, दोन डोळे. चित्र दाखवायचं आणि काय दिसतं ते सांगायला लावायचं. येरेवानमध्ये उत्तरं लखलखीत आली. मेक गिर्ख, येर्कू गिर्ख, हिंग गिर्ख. आकडा आला की नाम एकवचनातच राहतं, कारण किती ते आकड्याने सांगितलेलंच असतं. आकडा नसला की अनेकवचनाचा ‘एर’ किंवा ‘नेर’ लागतो आणि त्याच्यामागे विभक्तीचे प्रत्यय एकापुढे एक येत जातात. घर म्हणजे ‘तुन’, घरं ‘त्नेर’, घरांमध्ये ‘त्नेरुम’. क्रियापद बहुधा मागे, शब्दयोगी अव्यय नामानंतर. वाक्याची चाल इतकी आपली की ध्वनिमुद्रण ऐकताना मराठी वाक्य आपोआप मनात तयार होई.

ज्यांच्याकडे राहिले त्या आजी, सगळे त्यांना तातिक म्हणतात, चित्रं बघताना थोड्या रुसल्या. त्यांना पुस्तकं मोजण्यापेक्षा ती कुणाची आणि कुठे ठेवली आहेत हे सांगायचं होतं. मी चित्रांची पानं बाजूला ठेवली आणि त्यांना त्यांच्या बहिणीबद्दल विचारलं. प्रबंधातली सगळ्यात चांगली आर्मेनियन वाक्यं त्या तासाभरात मिळाली. चित्रं न्या, पण माणसाला बोलायचं असेल तर बोलू द्या.

मातेनादारान हे हस्तलिखितांचं संग्रहालय माश्तोत्स मार्गाच्या वरच्या टोकाला आहे. अभ्यासासाठी जायचं असेल तर आधी पत्रव्यवहार करावा, नुसतं पाहायचं तर तिकीट काढून जाता येतं. मी पाहायलाच गेले. काचेआड शेकडो वर्षांपूर्वीची पानं होती आणि मला त्यातली अक्षरं ओळखू येत होती. शब्द कळत नव्हते, तरी भरून आलं. आपल्या देशाशीही या अक्षरांचं जुनं नातं आहे. आर्मेनियन भाषेतलं पहिलं नियतकालिक १७९४ मध्ये मद्रासला छापलं गेलं होतं.

येरेवानहून विमानाने व्हिएन्ना, तिथून रेल्वेने ल्युब्ल्याना. व्हिसा स्लोव्हेनियाचा असला तरी शेंगेनमध्ये ऑस्ट्रियातून शिरता येतं, फक्त पुढच्या प्रवासाची तिकिटं आणि आरक्षणं हाताशी ठेवावीत. मी सगळं छापून नेलं होतं, अधिकाऱ्याने पाहिलंही. व्हिएन्नात थांबले ते एका मठासाठी. मेखितारवादी आर्मेनियन भिक्षूंचा मठ तिथे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासून आहे आणि मेये यांचं १९०३चं व्याकरण त्यांच्याच छापखान्यात छापलं गेलं. मठाच्या भिंतीपाशी थोडा वेळ उभी राहिले. व्हिएन्नाहून ल्युब्ल्यानाची गाडी सहा तासांच्या आसपास घेते. शेवटचे काही तास खिडकीबाहेर पिवळे-तांबूस डोंगर होते.

ल्युब्ल्यानात आठवडा निवडताना एक गोष्ट लक्षात ठेवा : ३१ ऑक्टोबरला धर्मसुधारणा दिनाची आणि १ नोव्हेंबरला मृतांच्या स्मरणाची सुटी असते, ग्रंथालयं आणि विभाग बंद. पहिल्या सुटीचा संबंध थेट भाषेशी आहे. स्लोव्हेनमधली पहिली छापील पुस्तकं १५५० मध्ये प्रिमोझ त्रुबार या धर्मसुधारकाने काढली. मला या सुट्या माहीत होत्या, म्हणून मुलाखती त्याच दिवशी ठेवल्या, कारण लोक घरी असतात. घरी पुण्यात लक्ष्मीपूजन चाललं होतं. आईने फोनवर फराळाची ताटं दाखवली, आणि मी एका स्लोव्हेन घरात स्वयंपाकघरातल्या टेबलाशी दोन पुस्तकांचं चित्र धरून बसले होते.

एना क्न्यीगा, द्वे क्न्यीगी, त्री क्न्यीगे, पेत क्न्यीग. एकाला एक रूप, दोनाला दुसरं, तीन-चाराला तिसरं, पाचापासून पुढे षष्ठीचं अनेकवचन. क्रियापदालाही द्विवचन. आम्ही दोघं जातो तर ‘मिद्वा ग्रेवा’, आम्ही सगळे जातो तर ‘मी ग्रेमो’. सहा-सात वर्षांचं एक पोर बहिणीचा हात ओढत ‘ग्रेवा’ म्हणालं, तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. ‘गच्छावः’ मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिलंय. ते कुणाला खेळायला चल म्हणताना कानावर पडेल असं वाटलं नव्हतं.

पण खरा धक्का हात आणि डोळ्यांच्या चित्राने दिला. संस्कृतमध्ये हस्तौ, नेत्रे, पादौ ही द्विवचनाची सगळ्यांत नैसर्गिक उदाहरणं, कारण हात दोनच असतात. स्लोव्हेनमध्ये नेमकं इथेच द्विवचन येत नाही! हात दुखतात तर ‘रोके’, डोळे ‘ओची’, सगळं अनेकवचन. आई-वडील म्हणायचं तरी अनेकवचन. मी चित्र पुन्हा दाखवलं, दुसऱ्या घरी दाखवलं, म्हाताऱ्यांना दाखवलं, मुलांना दाखवलं. तेच. एका निवृत्त शिक्षिकेने समजावलं ते असं : हात दोनच असणार हे सगळ्यांना ठाऊक असतं, ते वेगळं कशाला सांगायचं? द्विवचन तिथे लागतं जिथे दोन असणं ही बातमी असते. ‘दोन्ही हात’ असं मुद्दाम म्हटलं की मग द्विवचन येतं. व्याकरणाच्या पुस्तकात हा नियम मी वाचला होता, पण त्याच्यामागचा विचार तिच्या तोंडून ऐकला तेव्हा उमगला. आणि मग येरेवानचं ‘येर्कू गिर्ख’ही वेगळं दिसू लागलं. तिथेही जे आकड्याने सांगून झालं ते नामाने पुन्हा सांगायचं नसतं. एका भाषेत भरगच्च रूपं, दुसरीत जवळजवळ काहीच नाही, पण जे आधीच ठाऊक आहे ते पुन्हा न सांगण्याची ओढ दोन्हीकडे. माझा मुख्य निष्कर्ष तोच झाला.

समुद्राकडच्या भागातून आलेली एक मुलगी ‘द्वे क्न्यीगे’ म्हणाली, म्हणजे अनेकवचन, आणि लगेच स्वतःला सुधारून ‘क्न्यीगी’ म्हणाली. मी तिला सांगितलं की पहिलं रूपच मला हवं आहे. पश्चिमेकडच्या बोलींत द्विवचन, विशेषतः स्त्रीलिंगी नामांचं, ओसरत गेलं आहे. लोकांना ध्वनिमुद्रण सुरू करण्याआधीच सांगावं की इथे बरोबर-चूक काही नाही. मी ते प्रत्येक मुलाखतीच्या आरंभी सांगत होते, तरी शाळेतलं वळण जात नाही.

परत आल्यावर लिहिणं नोव्हेंबर ते मार्च. ध्वनिमुद्रण उतरवून काढायला लेखनापेक्षा जास्त वेळ लागतो. विद्यापीठाच्या आराखड्यात एकच टंक (फॉन्ट) सांगितलेला होता आणि त्यात आर्मेनियन अक्षरं नव्हती. विभागाकडून लेखी सवलत घेतली आणि ‘नोटो’ टंक वापरले. छपाईच्या दुकानात पहिल्या नमुन्यात सगळी आर्मेनियन उदाहरणं रिकामे चौकोन होऊन आली. पीडीएफ बनवताना टंक फाइलमध्येच अंतर्भूत केले की हे टळतं, आणि बांधणीआधी एक नमुना प्रत स्वतः पानोपान पाहावी. साम्य-तपासणीत, म्हणजे मजकूर दुसऱ्यांच्या लेखनाशी किती जुळतो ते पाहताना, १० टक्क्यांपर्यंत चालतं. माझा आकडा बराच खाली आला, कारण उदाहरणं स्वतः गोळा केलेली होती.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी आर्मेनियन-स्लोव्हेनबद्दल थोडंच विचारलं. त्यांचा मोठा प्रश्न मराठीचा होता : आपण द्विवचन केव्हा सोडलं? प्राकृतातच, अशोकाच्या लेखांतही ते दिसत नाही, असं मी सांगितलं. ते म्हणाले, “मग ‘आपण’ आणि ‘आम्ही’ हा भेद आपण ठेवला, तो तुमच्या या दोन्ही भाषांत नाही. त्याचं काय?” ल्युब्ल्यानातल्या त्या शिक्षिकेनेही मला हेच विचारलं होतं. तिला ‘आपण’चा हेवा वाटला होता. समोरच्याला धरून की वगळून, हे सर्वनामातच सांगता येतं म्हणून. परीक्षकांना मी तिचं बोलणं सांगितलं आणि माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही हेही. पुढचं संशोधन त्यावर करावं असं ते म्हणाले, आणि मी ते करायचं ठरवलं आहे.

खर्च विचारला होता म्हणून : विमान आणि रेल्वे मिळून ऐंशी हजारांच्या आत, व्हिसा आणि विमा बारा हजारांच्या आसपास, राहणं-खाणं सत्तर हजार, भाषांतर, छपाई आणि बांधणी मिळून दहा हजार. येरेवान त्यात बरंच स्वस्त, ल्युब्ल्याना महाग. तिथे वसतिगृहातली खाट घेतली आणि स्वयंपाक स्वतः केला. प्रवास न करताही हा विषय होऊ शकतो. दोन्ही शहरांतले लोक व्हिडिओवर मुलाखत द्यायला तयार असतात, आणि नैतिकता समितीच्या अर्जात ‘दूरस्थ मुलाखत’ असा वेगळा रकाना आहे, तो आधीच भरून ठेवावा.